यादी : कागदावरची आणि संगणकातली

कोल्हापूरहून गारगोटीकडे जाताना मुदाळ तिट्ट्याच्या अलीकडे बिद्री लागते. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे हे गाव सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. गळीत हंगाम सुरू झाला, की उसाने भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या वजनकाट्यापुढे रांग लावतात. पण या रांगेच्या कितीतरी आधी आणखी एक रांग लागलेली असते. ती असते नोंदवहीत. कोणी, किती क्षेत्रात, कोणत्या जातीचा ऊस, कोणत्या तारखेला लावला, याची नोंद होते आणि तोडीची क्रमपाळी त्या नोंदींवरून ठरते. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावलेला, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरातला, सुरू जानेवारी-फेब्रुवारीतला, आणि शिवाय खोडवा. प्रत्येकाची पक्व होण्याची वेळ वेगळी. पाळी हुकली आणि ऊस रानात उभा राहिला, तर त्याला तुरा येतो, तो आतून पोकळ पडू लागतो, वजन आणि साखर दोन्ही घटतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने यादीतला आपला क्रमांक हा वर्षभराच्या कमाईचा प्रश्न असतो.

अशा याद्या आता संगणकावर ठेवल्या जातात. एखाद्या कारखान्यात कोणती आज्ञावली चालते, याबद्दल आपल्याला येथे काही म्हणायचे नाही. पुढची उदाहरणे आम्ही रचलेली आहेत, गावांची नावे तेवढी बिद्रीच्या परिसरातली खरी आहेत. आपल्याला पाहायचे आहे ते इतकेच, की कागदावरची यादी यंत्रात गेली म्हणजे ती कशी वागू लागते. वरवर ती तशीच दिसते. तिचे वागणे मात्र काही बाबतींत अगदी निराळे असते, आणि हे निराळेपण माहीत नसले तर कुणाचे तरी नाव गळते. यंत्र त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

नववीच्या गणितात आपण संच शिकवतो. संचात क्रमाला महत्त्व नसते आणि एकच घटक दोनदा लिहिला तरी तो एकदाच मोजतात. यादीत या दोन्ही गोष्टी उलट आहेत. येथे क्रम हाच जीव, आणि एका शेतकऱ्याचे दोन प्लॉट असतील तर त्याचे नाव दोनदा येणार, ते दोनदा मोजले गेलेच पाहिजे. वर्गात संचाची ‘यादी पद्धत’ शिकवताना विद्यार्थ्यांचा येथे हमखास गोंधळ होतो. नाव यादी पद्धत असले तरी तो संच आहे, यादी नव्हे, हे मुद्दाम सांगायला हवे.

उदाहरणासाठी आपण पायथॉन ही भाषा घेऊ. नेदरलँड्समधील खिडो व्हान रॉसम यांनी ॲम्स्टरडॅमच्या संशोधन संस्थेत काम करत असताना ती तयार केली आणि १९९१ साली ती प्रथम लोकांपुढे आली. नाव अजगरावरून घेतलेले नाही, ‘मॉंटी पायथॉन’ या ब्रिटिश विनोदी मंडळीवरून घेतले आहे. ही स्क्रिप्टिंग भाषा आहे, म्हणजे आज्ञा लिहावी आणि लगेच चालवून पाहावी, मध्ये भाषांतराचा वेगळा टप्पा आपल्याला करावा लागत नाही. ती फुकट मिळते, हेही शाळेच्या दृष्टीने महत्त्वाचे. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून या भाषेत नावे देवनागरीत दिली तरी चालतात. तेव्हा आपली यादी अशी लिहू :

गावे = ["बोरवडे", "मुदाळ", "कूर", "सरवडे", "तुरंबे"]

चौकटी कंसात स्वल्पविराम देऊन घटक लिहिले, झाली यादी. (या लेखात आकडे मराठी छापले आहेत, यंत्रावर टंकताना इंग्रजी आकडे वापरावेत.)

आता पहिले गाव कोणते, असे विचारायचे तर गावे[१] असे लिहून चालत नाही. त्याचे उत्तर ‘मुदाळ’ येते. बोरवडे हवे असेल तर गावे[०] लिहावे लागते. नवशिक्याला हा खुळेपणा वाटतो. पण रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड आठवा. जेथून मोजायला सुरुवात केली तेथे शून्य असते, आणि दगडावरचा आकडा आरंभापासूनचे अंतर सांगतो. यादीतला क्रमांकही तसाच आहे : सुरुवातीपासून किती घरे पुढे जायचे, एवढेच तो सांगतो. शून्यापासून मोजणे का सोयीचे, यावर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९८२ साली एक छोटेसे टिपण लिहिले होते. गावे[०:३] म्हटले की शून्यापासून तीनच्या अलीकडची, म्हणजे नेमकी तीन गावे मिळतात. वजाबाकी केली की संख्या हाती येते, एक मिळवा-एक वजा करा ही कटकट राहत नाही. आणि गावे[-१] म्हणजे शेवटचे गाव. ही सोय मात्र कोणालाही लगेच आवडते.

यंत्राच्या स्मृतीत ही यादी कशी असते? ओळीने मांडलेली सारख्या मापाची घरे, एवढेच तिचे स्वरूप. गंमत अशी, की या घरांत ‘बोरवडे’, ‘मुदाळ’ हे शब्द नसतातच. शब्द स्मृतीत अन्यत्र कुठेतरी असतात, घरात असतो तो त्यांचा पत्ता. आजच्या सामान्य संगणकावर असा एक पत्ता ८ बाइटचा असतो. त्यामुळे यादीत पाच नोंदी असोत की पन्नास हजार, अमक्या क्रमांकाची नोंद काढायला सारखाच वेळ लागतो : क्रमांकाला ८ ने गुणायचे, आरंभाच्या जागेत मिळवायचे, की घर सापडले. शेवटी नवी नोंद जोडणेही सोपे, कारण यादी भरली की पायथॉन थोडी जादा जागा, साधारण एक-अष्टमांश, आधीच अडवून ठेवतो. महाग पडते ते तोंडाशी काही घालणे किंवा काढणे. घरे सलग असली पाहिजेत ना! वीस हजार नोंदींतली पहिली काढली की मागच्या १९,९९९ पत्त्यांना एकेक घर पुढे सरकावे लागते. एकेक करून पुढून सगळ्या काढल्या, तर अशा सरकण्यांची बेरीज वीस कोटींच्या घरात जाते. वजनकाट्यापुढच्या रांगेसारखे काम असेल, म्हणजे पुढून सोडायचे आणि मागून घ्यायचे, तर त्यासाठी पायथॉनमध्ये ‘डेक’ नावाची वेगळी रचना आहे, ती वापरावी.

या सरकण्यातच आपल्या विषयाची खरी मेख आहे.

वहीत एका ओळीवर काट मारली तर काय होते? ती ओळ खोडलेली दिसते, पण तिच्या खालच्या ओळींचे क्रमांक बदलत नाहीत. १७ नंबरचा शेतकरी १७ नंबरलाच राहतो. संगणकातल्या यादीत खोडलेली ओळ उरत नाही. ते घर मिटते, मागचे सगळे पुढे सरकतात, आणि प्रत्येकाचा क्रमांक एकाने कमी होतो. क्रमांक घटकाला चिकटलेला नसतो, जागेला चिकटलेला असतो.

समजा, कुणी अशी आज्ञावली लिहिली : ‘यादीतले एकेक गाव घे, त्याची तोडणीची चिठ्ठी छाप आणि काम झाले म्हणून ते गाव यादीतून काढून टाक.’ वाचायला हे बिनचूक वाटते. कारकुनाला तोंडी सांगितले तर तो हे काम बिनचूक करीलही. यंत्र काय करते ते सावकाश पाहू. यादीवर फिरताना यंत्र एक बोट ठेवून चालते, आणि हे बोट फक्त घरांचे क्रमांक ओळखते. प्रथम बोट ० वर. तेथे बोरवडे. चिठ्ठी छापली, बोरवडे काढले. आता यादी झाली मुदाळ, कूर, सरवडे, तुरंबे. बोट पुढच्या घरावर, म्हणजे १ वर गेले. तेथे आता कूर आहे! मुदाळ सरकून ० वर आले आणि बोट त्याच्या पुढे निघून गेले. कूरची चिठ्ठी निघाली, कूर काढले. उरले मुदाळ, सरवडे, तुरंबे. बोट २ वर, तेथे तुरंबे. त्याची चिठ्ठी निघाली, तेही गेले. बोट ३ वर जाऊ पाहते, पण यादीत आता दोनच गावे आहेत. यंत्राने काम संपले असे जाहीर केले.

पाचांपैकी तीन चिठ्ठ्या निघाल्या. मुदाळ आणि सरवडे तसेच राहिले. चूक झाल्याची एकही सूचना पडद्यावर आली नाही, कारण यंत्राच्या लेखी चूक झालेलीच नाही. पाच नावांत हे कुणाच्याही लक्षात येईल. पाच हजार नावांत, बरीचशी कामे ठीक होत असताना, लक्षात यायला कदाचित तोडीची टोळी शेजारच्या रानात येऊन निघून जावी लागेल. आमच्या मते नवशिक्यांच्या चुकांत ही सर्वांत घातकी, कारण ती अर्धे काम बरोबर करते.

उपाय साधा आहे. ज्या यादीवर बोट फिरते आहे, तिच्यातून काही काढायचे नाही. जे ठेवायचे आहे त्याची नवी यादी करायची. पायथॉनमध्ये यासाठी एक सुरेख लेखनपद्धती आहे, जी हॅस्केल या भाषेवरून घेऊन २००० सालच्या आवृत्तीत आणली गेली. तिचा आशय मराठीत असा सांगता येईल : [ ग, जेथे ग हा गावे या यादीतला आहे आणि ग ची तोड झालेली नाही ]. गणिताच्या शिक्षकांना ही ओळखीची वाटेल. संचाची ‘गुणधर्म पद्धत’ ती हीच. फरक एवढाच, की येथे क्रम जसाच्या तसा टिकतो.

आणखी एक बारकावा. ‘रिमूव्ह’ ही आज्ञा नाव सांगून काढते, आणि त्या नावाची पहिली नोंद काढते. बोरवड्यातले दोन प्लॉट यादीत असतील आणि दुसऱ्याची तोड झाली असेल, तरी पहिलाच जाईल. म्हणून यादीत नुसते गाव किंवा नुसते नाव ठेवू नये, प्रत्येक प्लॉटला स्वतःचा नोंदणी क्रमांक हवा. शाळेत जनरल रजिस्टरचा नंबर असतो तो याचसाठी. एका वर्गात दोन पाटील असणारच!

आता कागद आणि यंत्र यांतला दुसरा मोठा फरक. मूळ वही सुरक्षित राहावी म्हणून आपण तिची नक्कल करून नकलेवर खाडाखोड करतो. यंत्रावर तेच करायला कुणी लिहितो :

नक्कल = गावे

आणि मग नकलेतून चार नावे काढतो. थोड्या वेळाने मूळ यादी उघडून पाहावी तर तिच्यातूनही तीच चार नावे गेलेली. का? बरोबरच्या या चिन्हाने नक्कल झालीच नाही. एकाच यादीला दुसरे नाव मिळाले. घरी बाळू आणि शाळेत बाळासाहेब म्हटले म्हणून मुले दोन होत नाहीत, बाळूचे केस कापले की बाळासाहेबांचेही कापले जातात. खरी नक्कल हवी असेल तर

नक्कल = गावे[:]

असे लिहावे. ‘आरंभापासून अखेरपर्यंतचा तुकडा दे’ असा याचा अर्थ, आणि तुकडा म्हणजे नवी यादी.

पण येथेही पूर्ण निश्चिंत होता येत नाही. घरांत वस्तू नसून पत्ते असतात, हे वर म्हटले ते आठवा. यादीचे घटक स्वतःच याद्या असतील, उदाहरणार्थ प्रत्येक नोंद म्हणजे [गाव, उसाची जात, लागणीची तारीख] अशी छोटी यादी असेल, तर वरील नकलेत पत्ते नवे उतरवले जातात, पत्त्यावरची घरे तीच राहतात. नकलेतल्या एखाद्या नोंदीची तारीख बदलली की मूळचीही बदलते. आतपर्यंतची नक्कल करण्यासाठी ‘डीपकॉपी’ अशी वेगळी सोय आहे. आणि जी नोंद एकदा झाल्यावर बदलायची नाहीच, ती चौकटी कंसाऐवजी साध्या कंसात ठेवावी. तिला ट्यूपल म्हणतात. तिच्यातला घटक बदलू गेले तर पायथॉन साफ नकार देतो. असा नकार मिळणे हे भाग्यच समजायचे.

याच गोष्टीचा शाळेतला नमुना पाहा. पाच विद्यार्थी, तीन विषय, सुरुवातीला सगळ्यांचे गुण शून्य. हुशार विद्यार्थी थोडक्यात लिहितो :

गुण = [[०, ०, ०]] * ५

पडद्यावर पाच ओळी छान दिसतात. मग पहिल्या विद्यार्थ्याचे गणिताचे गुण भरले :

गुण[०][१] = ७८

आणि पाचही विद्यार्थ्यांना गणितात ७८ पडले. पाचने गुणून ओळी पाच झाल्या नाहीत, एका ओळीचा पत्ता पाच वेळा लिहिला गेला. वर्गात हे एकदा प्रत्यक्ष करून दाखवावे. हशा पिकतो आणि पत्त्याची कल्पना कायमची ध्यानात राहते.

यादी क्रमाने लावण्याबद्दल थोडेसे. क्रमपाळीचा सारा खेळ येथेच आहे. पायथॉनची क्रम लावण्याची रीत टिम पीटर्स यांनी २००२ साली बसवली, आणि तिचा एक गुण आपल्या कामाचा आहे : ज्यांची तुलना बरोबरीत सुटते त्यांचा आधीचा क्रम ती ढळू देत नाही. दोन शेतकऱ्यांच्या लागणीची तारीख एकच असेल, तर ज्याची नोंद आधी झाली तो पुढेच राहतो. सगळ्याच रीतींत ही हमी नसते. मात्र तारीख मजकूर म्हणून ‘१-८-२०२४’ अशी लिहिली असेल तर घोटाळा ठरलेला. यंत्र पहिले अक्षर पाहते, १ हा २ पेक्षा लहान, म्हणून १ ऑगस्ट हा २५ जुलैच्या आधी येऊन बसतो. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आणि शून्ये भरून, ‘२०२४-०८-०१’ असे लिहिले की प्रश्न मिटतो. आणखी एक : ‘सॉर्ट’ ही आज्ञा आहे त्याच यादीची फेरमांडणी करते आणि उत्तरादाखल काहीच देत नाही. ‘यादी = यादीचे सॉर्ट’ अशा अर्थाचे लिहिले तर हातात काहीच उरत नाही. नवी यादी हवी तर ‘सॉर्टेड’ वापरावे.

नावांचा क्रम लावताना आपल्या भाषेचा एक खास प्रश्न येतो. पायथॉनला अक्षरे म्हणजे युनिकोडचे आकडे. युनिकोडने देवनागरीचा १२८ घरांचा तक्ता १९८८ च्या ‘इस्की’ या भारतीय प्रमाणावरून घेतला. तो हिंदी, मराठी, नेपाळी सगळ्यांसाठी एकच आहे, आणि त्यात ळ हे अक्षर ल आणि व यांच्या मध्ये आहे. आपण मुळाक्षरे म्हणताना ळ हा ह नंतर घेतो. त्यामुळे आपल्या क्रमात आधी ‘वाशी’ आणि मग ‘वाळवे’ यायला हवे, यंत्र नेमके उलट लावते. हजेरीपटात क्षीरसागर हे आडनाव शेवटाकडे शोधायला जावे तर ते क च्या सगळ्या नावांच्या मागे आणि ख च्या पुढे सापडते, कारण क्ष साठी तक्त्यात वेगळे घरच नाही. तो क, हलन्त-चिन्ह आणि ष असा तिघांचा मिळून होतो. यंत्राला आपला अक्षरक्रम वेगळा सांगता येतो, पण तो सांगावा लागतो.

‘बिद्री’ या शब्दाची यादी करायला पायथॉनला सांगून पाहा. आपण पहिलीच्या मुलाला विचारले तर तो दोन अक्षरे म्हणेल : बि, द्री. पायथॉन सहा घटकांची यादी देतो : ब, ऱ्हस्व वेलांटी, द, हलन्त-चिन्ह, र, दीर्घ वेलांटी. उलट क्रमाने लावली तर दीर्घ वेलांटी सगळ्यांच्या आधी येऊन कशालाही न टेकता उभी राहते. शब्द उलटा करण्याचा प्रयोग इंग्रजी पुस्तकांत हौसेने दिलेला असतो. मराठी शब्दावर तो का फसतो, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.

संगणक नसला तरी चिठ्ठ्यांचा प्रयोग वर्गात करता येतो. आठ मुले ओळीने उभी करा, जमिनीवर खडूने ० ते ७ घरे आखा. नववा मुलगा ‘बोट’. तो ज्या घरासमोर येईल त्या घरातल्या मुलाने बाहेर जायचे, मागच्या सर्वांनी एकेक घर पुढे सरकायचे, आणि मग बोटाने पुढच्या घरावर जायचे. एक फेरी संपली की चार मुले उरतील. तीच आज्ञावली पुन्हा चालवा, दोन उरतील, मग एक, आणि चौथ्या फेरीत यादी रिकामी होईल. पाच मुले घेतली तर तीन फेऱ्या लागतात. मुलांची संख्या द्विमान पद्धतीने लिहून पाहा : ८ म्हणजे १०००, ५ म्हणजे १०१. फेऱ्या किती लागतात आणि अंक किती आहेत, हे ताडून पाहायला वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना सांगावे. सर्वांत शेवटी बाहेर पडणारा मूळच्या ओळीत कितवा होता, हेही त्यांनी शोधावे. शंभर मुले असतील तर फेऱ्या सात, आणि एकपासून मोजले तर तो मुलगा चौसष्टावा.